‘मला एखादं कॉमिक सुचव ना’ असं कोणी म्हटलं तर: नेमकं पुस्तक हातात देण्याची पद्धत

कॉमिक्स वाचणाऱ्या माणसाला हा प्रश्न हमखास येतो, आणि बहुतेक वेळा उत्तर चुकतं. विचारणाऱ्याला एक पुस्तक हवं असतं, आपण पंधरा नावं सांगतो. किंवा सर्वोत्तम म्हणून गाजलेल्या यादीतलं पहिलं नाव सांगून मोकळे होतो. तो माणूस ते पुस्तक आणतो, वीस पानं वाचतो, ‘हे आपल्यासाठी नाही’ म्हणतो आणि पुढे कधीच कॉमिककडे वळत नाही. पुस्तक चांगलंच असतं, फक्त त्या माणसाचं पहिलं पुस्तक ते नसतं.

मित्र, पालक, शिक्षक, ग्रंथपाल किंवा वाचनकट्टा चालवणारे, तुमच्यावर कोणासाठी तरी कॉमिक निवडायची वेळ येणार असेल, तर पुढच्या पायऱ्या क्रमाने घ्या. चौथी पायरी सर्वांत लांब आहे, कारण खरं काम तिथेच आहे.

हाताशी काय असावं

- एक वही. प्रत्येक पुस्तकापुढे सहा गोष्टी: नाव, लेखक आणि चित्रकार, एकूण खंड, मालिका संपली आहे की चालू, वाचनाची दिशा (डावीकडून की उजवीकडून), आणि आतला त्रासदायक मजकूर.
- स्वतः पूर्ण वाचलेली निदान आठ-दहा पुस्तकं, वेगवेगळ्या प्रकारांतली. न वाचलेलं पुस्तक सुचवू नका. कॉमिकच्या मुखपृष्ठावरून आतल्या पानांचा अंदाज फार फसवा असतो, कारण मुखपृष्ठ कधीकधी वेगळ्याच चित्रकाराने केलेलं असतं.
- त्या पुस्तकांतली दाखवता येतील अशी दोन-दोन पानं, खूण घालून ठेवलेली.

१. आधी चार गोष्टी विचारा

‘तुला काय आवडतं?’ या प्रश्नाला कोणी धड उत्तर देत नाही. त्याऐवजी हे विचारा. शेवटचं कुठलं पुस्तक किंवा मालिका तुम्ही रात्र जागून संपवली? किती मोठं वाचायची तयारी आहे, एका बैठकीचं की महिनाभर पुरेल असं? काय अजिबात सहन होत नाही: रक्तपात, लहान मुलांचे हाल, आजारपण, आत्महत्या? आणि याआधी कॉमिक वाचून सोडून दिलं असेल तर ते कुठलं आणि का?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर सोन्यासारखं असतं. ‘पानावर कुठून कुठे जायचं तेच कळेना’ म्हणणाऱ्याला साधी, चौकोनी मांडणी असलेलं पुस्तक द्यायचं. ‘संपतच नव्हतं’ म्हणणाऱ्याला एका खंडात संपणारं. ‘पोरकट वाटलं’ म्हणणाऱ्याला बहुधा वयाशी न जुळणारं पुस्तक मिळालेलं असतं, हेही तिथेच उलगडतं.

२. तीन गोष्टींची गल्लत आधी सोडवा

कॉमिक हे माध्यम आहे. रहस्य, विनोद, चरित्र, भयकथा हे विषयाचे प्रकार आहेत. आणि अंक, अल्बम (मोठ्या आकाराचं, कमी पानांचं युरोपीय पुस्तक), ग्राफिक कादंबरी (पुस्तकरूपातलं दीर्घ कॉमिक), मांगा (जपानी कॉमिक), वेबटून (फोनवर वाचायचं कॉमिक) ही पुस्तकाची किंवा परंपरेची रूपं आहेत. ‘मला मांगा आवडत नाही’ हे वाक्य ‘मला अनुवादित कादंबऱ्या आवडत नाहीत’ इतकंच ढोबळ आहे. मांगात स्वयंपाकापासून बुद्धिबळापर्यंत आणि अणुबॉम्बपासून शाळेतल्या पहिल्या प्रेमापर्यंत सगळं आहे.

मांगात शोनेन, शोजो, सेनेन, जोसेई हे शब्द सारखे भेटतील. हे विषयाचे प्रकार नाहीत. मासिक कोणत्या वाचकांसाठी निघतं ते त्यावरून कळतं: अनुक्रमे किशोर मुलगे, किशोर मुली, तरुण व प्रौढ पुरुष, प्रौढ स्त्रिया. वाचणारे मात्र सगळीकडचं सगळं वाचतात. ‘शोनेन म्हणजे मारामारी’ अशी चिठ्ठी लावून ठेवलीत तर चांगली पुस्तकं हातची जातील.

३. गोष्ट सांगू नका, पान दाखवा

कॉमिक नाकारलं जातं ते बहुतेकदा चित्रांमुळे, कथेमुळे नव्हे. म्हणून कथेचा सारांश सांगत बसण्यापेक्षा मधलं एखादं साधं पान उघडून समोर ठेवा: दोन माणसं बोलताहेत, कोणी रस्त्यावरून चाललंय, असं. मारामारीचं भव्य पान दाखवू नका, ते सगळ्यांचंच छान असतं. वाचकाला दोनशे पानं ज्या चेहऱ्यांसोबत काढायची आहेत ते चेहरे त्याला बघवतात का, हे साध्या पानावरच कळतं.

नजर पानावर किती वेळ थांबते ते पाहा. बोट आपोआप पुढचं पान उलटायला गेलं तर पुस्तक जमलं.

४. प्रकारानुसार पहिलं पुस्तक

खाली प्रत्येक प्रकारात मोजकीच नावं आहेत. समोरच्याला त्यातलंही एकच सांगा.

*आत्मचरित्र आणि इतिहास.* कादंबऱ्या वाचणाऱ्या, पण कॉमिकला कधी हात न लावलेल्या प्रौढ वाचकासाठी हा सर्वांत भरवशाचा दरवाजा आहे. सुरुवातीला मरजान सत्रापी यांचं ‘पर्सेपोलिस’ द्या. १९८० साली दहा वर्षांची असलेली इराणी मुलगी क्रांती, युद्ध आणि घरातल्या गप्पा सांगते. चित्रं ठळक काळी-पांढरी, मधली राखाडी छटा नाही, मांडणी सरळ. नवखा वाचक पानावर हरवत नाही. मूळ फ्रेंच चार भाग २००० ते २००३ दरम्यान आले. आता एकत्रित खंड मिळतो, तोच सुचवा, कारण पहिला अर्धा भाग वाचून थांबलेल्या वाचकाला मोठी झालेली, परदेशात एकटी पडलेली मरजान भेटतच नाही.

त्यानंतर आर्ट स्पीगलमन यांचं ‘माऊस’. वडिलांनी सोसलेल्या छळछावणीची ही हकिकत. ज्यू उंदीर, जर्मन मांजरं, पोलिश डुकरं. १९९२ साली तिला पुलित्झरचा विशेष पुरस्कार मिळाला. देताना वाचकाला एक जागा दाखवा: ज्यू माणूस पोलिश असल्याचं भासवतो तेव्हा त्या उंदराच्या तोंडावर डुकराचा मुखवटा असतो, आणि मुखवट्याची दोरी डोक्यामागे बांधलेली दिसते. वाक्य एकही नाही, पण जीव मुठीत धरून चालणं त्या दोरीत दिसतं. चित्र काय करू शकतं हे समजावायला याहून सोपं उदाहरण सापडणार नाही. सावधगिरीची सूचना: आत लेखकाच्या आईच्या आत्महत्येवर एक छोटी स्वतंत्र चित्रकथा आहे, तिथली रेखाटनं वेगळी आणि भेदक आहेत.

‘भीमायन’ (२०११) ही डॉ. आंबेडकरांच्या आयुष्यावरची चित्रकथा दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांनी गोंड शैलीत काढली. चौकोनी चौकटींची सवय असलेल्याला ती आधी गोंधळात टाकते, कारण पानाची विभागणी नक्षीच्या वाहत्या रेषांनी होते. पात्रांचं बोलणं ज्यांत लिहिलेलं असतं त्या फुग्यांचे आकार मात्र आधी दाखवून ठेवा. प्रेमाने बोलणाऱ्यांचे शब्द पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात येतात, आणि अपमान करणाऱ्यांच्या फुग्याला विंचवाची नांगी असते. एवढं कळलं की पाणी नाकारलं जाण्याचा प्रसंग वाचताना ती नांगी खरोखर टोचते.

केइजी नाकाझावा स्वतः हिरोशिमाच्या स्फोटातून वाचले, तेव्हा ते सहा वर्षांचे होते. त्यांची ‘बेअरफूट गेन’ दहा खंडांची आहे. मनाने खंबीर वाचकालाच द्या. पहिल्या खंडाच्या शेवटी बॉम्ब पडतो आणि नंतरची पानं डोळ्यांसमोरून जात नाहीत. लाडिक, गोलसर चित्रं पाहून लहान मुलाच्या हातात देण्याची चूक इथे फार होते.

*वार्तांकन आणि विचार.* वर्तमानपत्र काळजीपूर्वक वाचणाऱ्याला पत्रकार-चित्रकार जो सॅको द्या. त्यांचं ‘पॅलेस्टाइन’ आधी १९९३ ते १९९५ दरम्यान नऊ अंकांत आलं, मग पुस्तक झालं. पानं गच्च भरलेली असतात, त्यामुळे एका बैठकीत संपवायला सांगू नका. गणिताची किंवा तत्त्वज्ञानाची ओढ असलेल्याला ‘लॉजिकॉमिक्स’ (२००९) आवडतं: बर्ट्रांड रसेल आणि गणिताचा पाया शोधण्याची धडपड. त्यातल्या काही भेटी लेखकांनी कल्पनेने घडवल्या आहेत आणि तसं त्यांनी पुस्तकातच सांगितलंय. विद्यार्थ्याला देताना हे आवर्जून सांगा, नाहीतर तो त्या भेटी निबंधात इतिहास म्हणून लिहील.

*शब्दांवाचून गोष्ट.* शॉन टॅन यांचं ‘द अरायव्हल’ (२००६) हे भाषेची अडचण असलेल्या वाचकासाठी उत्तम पुस्तक आहे. अनोळखी देशात आलेला माणूस, आणि त्या देशातली लिपी, प्राणी, घड्याळं सगळी कल्पनेतली. पाट्या वाचता येत नाहीत ते त्या माणसालाही आणि आपल्यालाही. सावकाश पाहायला सांगा. भरभर उलटलं तर दहा मिनिटांत संपतं आणि हाती काही लागत नाही.

*सुपरहिरो.* सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. सुपरमॅन १९३८ पासून, बॅटमॅन १९३९ पासून चालू आहे, आणि ‘सुरुवातीपासून वाचू’ म्हणणारा वाचक हजारो अंकांच्या जंगलात शिरतो. तसं करायचं नसतं. एका गोष्टीत पूर्ण होणारा तुकडा द्यायचा. ‘बॅटमॅन: इयर वन’ मूळ मालिकेतल्या फक्त चार अंकांचा आहे (४०४ ते ४०७, १९८७), मागचं काहीही माहीत नसलं तरी चालतं. उमेदीची, उबदार गोष्ट हवी असेल तर ‘ऑल-स्टार सुपरमॅन’, १२ अंक, मुख्य कथानकापासून पूर्ण सुटं.

‘वॉचमेन’ (१९८६-८७) पहिलं म्हणून देऊ नका, हे माझं ठाम मत आहे. अ‍ॅलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांनी त्यात सुपरहिरोंच्या सगळ्या गृहीतकांची उलटतपासणी केली आहे. ती गृहीतकं ओळखीची नसतील तर तपास कशाचा चाललाय हेच कळत नाही. चार-पाच सुपरहिरो कथा वाचलेल्याला द्या, आणि दोन सूचना करा. पहिली: बहुतेक पानं नऊ समान चौकटींवर बेतलेली आहेत, त्यामुळे एखादी चौकट रुंद झाली की काहीतरी घडलंय असं समजा. दुसरी: बारापैकी अकरा प्रकरणांच्या शेवटी आत्मचरित्राची पानं, अहवाल, पत्रं असा सलग मजकूर येतो, तो गाळू नका. घाईतले वाचक नेमकं तेच गाळतात आणि मग पात्रांचा भूतकाळ अर्धवट राहतो.

*रहस्य आणि गुन्हेगारी.* नाओकी उरासावा यांची ‘मॉन्स्टर’ १८ खंडांची आहे. जर्मनीत काम करणारा जपानी मेंदूशल्यविशारद एका मुलाचा जीव वाचवतो, आणि तो मुलगा मोठेपणी खुनी निघतो. हळूहळू घट्ट होत जाणारी वीण आहे, त्यामुळे लांबलचक मालिका पाहण्याची सवय असलेल्यालाच द्या. कमी वेळ असेल तर ‘डेथ नोट’, १२ खंड, पहिल्या प्रकरणापासून पकड घेते. फक्त एका अल्बमएवढाच वेळ असेल तर ‘ब्लॅकसॅड’: १९५०च्या दशकातली अमेरिका, जलरंगातली चित्रं, मांजराचा चेहरा असलेला गुप्तहेर. प्राण्यांचे चेहरे पाहून फसू नका, आत हिंसा आणि नग्नता आहे.

*विज्ञानकथा.* ‘अकिरा’चे सहाच खंड, पण मिळून दोन हजारांहून जास्त पानं. चित्रपट पाहिलेल्यांना सांगा की मूळ कथा चित्रपटाच्या कितीतरी पुढे जाते. माणसांच्या नातेसंबंधांकडे ओढा असलेल्याला ‘वाय: द लास्ट मॅन’ द्या. एक तरुण आणि त्याचं माकड सोडून जगातले सगळे नर सस्तन प्राणी एकाच वेळी मरतात, आणि मग उरलेलं जग कसं उभं राहतं याची ही ६० अंकांची, पूर्ण झालेली गोष्ट.

*भय.* जुन्जी इतो यांची ‘उझुमाकी’: एका गावाला वर्तुळाकार वळणांचं वेड लागतं, एवढ्याच कल्पनेवर सगळा खेळ. छापील प्रतच द्या. भीतीची चित्रं बऱ्याचदा पान उलटल्यावर समोर यावीत अशी बसवलेली आहेत, आणि फोनवर एकेक चौकट सरकवत वाचलं की तो धक्का बोथट होतो.

*किशोरांसाठी आणि घरातल्या सगळ्यांसाठी.* जेफ स्मिथ यांची ‘बोन’ नऊ खंडांची, १९९१ ते २००४. विनोदाने सुरू होते आणि बघता बघता मोठ्या महाकाव्याकडे वळते. कृष्णधवल एकखंडी आणि रंगीत वेगवेगळे खंड अशी दोन रूपं आहेत. मुलांना रंगीत द्या, एकखंडी तेराशेहून अधिक पानांचं धूड त्यांना हातात धरवत नाही. मैत्री, छळ आणि माफी यांवर ‘अ सायलेंट व्हॉइस’ (सात खंड) शाळकरी मुलांना भिडते, पण त्यात आत्महत्येचा प्रयत्न आहे, म्हणून मोठ्यांनी आधी वाचावी.

टिनटिन पहिल्या क्रमांकापासून देणं ही नेहमीची चूक. पहिली गोष्ट १९२९-३०ची, साप्ताहिक हप्त्यांची, विस्कळीत. दुसरीत काँगोच्या लोकांचं चित्रण वसाहतवादी नजरेचं आहे. ‘द सिक्रेट ऑफ द युनिकॉर्न’ आणि ‘रेड रॅकहॅम्स ट्रेझर’ ही जोडी द्या, आणि दोन्ही एकदम द्या, कारण पहिली गोष्ट दुसरीत संपते. ॲस्टेरिक्सचे पहिले २४ अल्बम लेखक गोसिनी यांचे आहेत. तिथूनच कुठलाही उचला, क्रम महत्त्वाचा नाही. शब्दांच्या कोट्यांवर चालणारी ही मालिका अनुवादात टिकली, कारण अनुवादकांनी कोट्या नव्याने रचल्या. फ्रेंचमध्ये ‘इदेफिक्स’ असलेला छोटा कुत्रा इंग्रजीत ‘डॉगमॅटिक्स’ झाला, तो तसाच.

५. नेमका खंड आणि नेमकी आवृत्ती सांगा

नुसतं नाव सांगून भागत नाही. महिन्याला येणारा अमेरिकी अंक साधारण २० ते २२ पानांच्या कथेचा असतो, आणि असे पाच-सहा अंक एकत्र करून संग्रह निघतो. जाडजूड एकत्रित आवृत्तीला ऑम्निबस म्हणतात. ती दिसायला सुंदर, पण वजनदार असते आणि आडवं होऊन वाचता येत नाही. नवख्याला साधा संग्रहच बरा. मांगाचा एक खंड सहसा १८० ते २०० पानांचा.

एकाच नावाच्या दोन वेगळ्या मालिका असू शकतात. सुपरहिरोंचे अंक मध्येच पुन्हा ‘क्रमांक १’पासून सुरू होतात. म्हणून नावाबरोबर वर्ष आणि लेखकाचं नाव लिहून द्या. तेझुका यांच्या ‘बुद्ध’सारख्या मांगाचे जपानीत १४ खंड आहेत आणि इंग्रजीत ८, त्यामुळे खंड क्रमांक सांगताना भाषाही सांगा. ही कादंबरीच आहे, तत्तासारखी पात्रं लेखकाने रचलेली आहेत, हेही सांगून टाका.

जुन्या इंग्रजी अनुवादांत पानं आरशासारखी उलटी छापलेली असत, म्हणजे डावीकडून वाचता यावं. त्यामुळे उजव्या हाताने लिहिणारी माणसं डावखुरी झाली. नवी, मूळ दिशेतली आवृत्ती मिळत असेल तर ती घ्या.

६. आतलं काय आहे ते आधीच बोला

चित्रातली हिंसा आणि शब्दातली हिंसा यात फरक आहे. शब्दातला प्रसंग नको असेल तर नजर पुढे सरकवता येते. चित्र मात्र पान उलटताक्षणी दिसून गेलेलं असतं. म्हणून ‘थोडं गंभीर आहे’ एवढं पुरेसं नाही. कुठल्या खंडात, साधारण कुठे आणि काय, हे एका वाक्यात सांगा. गोष्ट फुटेल अशी भीती वाटते, पण ‘तिसऱ्या खंडात एका मुलाचा मृत्यू आहे’ एवढ्याने गोष्ट फुटत नाही, आणि नुकतंच कोणी गमावलेला वाचक त्यासाठी तुमचे आभार मानेल.

मुलांसाठी निवडताना मुखपृष्ठावरची वयाची खूण बघा, पण तिच्यावर विसंबू नका. स्वतः चाळा, शेवटच्या पानापर्यंत.

७. वाचायचं कसं, ते दोन मिनिटांत दाखवा

सवयीच्या वाचकाला हे सांगावंसं वाटत नाही, आणि नवखे नेमके इथेच अडतात. पुस्तक समोर ठेवून बोटाने दाखवा:

- चौकटी ओळीने, मग खालची ओळ. एका चौकटीत आधी वरचा फुगा. मांगात सगळं उजवीकडून: पुस्तक आपल्याला ‘शेवट’ वाटेल त्या बाजूने उघडायचं, पान उजव्या वरच्या कोपऱ्यातून सुरू करायचं, फुगेही उजवीकडचे आधी.
- दोन चौकटींमधली मोकळी पट्टी ही रिकामी जागा नाही. वर उगारलेली काठी एका चौकटीत आणि पुढच्या चौकटीत जमिनीवर पडलेला माणूस, तर फटका त्या पट्टीत, वाचकाच्या मनात बसतो. हे एकदा दाखवलं की लोक चौकटींकडे वेगळ्या नजरेने बघू लागतात.
- फक्त फुगे वाचत सुटू नका. कादंबऱ्या वाचणारे हेच करतात, चाळीस मिनिटांत पुस्तक संपवतात आणि ‘यात काय विशेष?’ म्हणतात. उपाय सोपा आहे: एका पानावरचे फुगे हाताने झाकायला सांगा आणि कोण कोणाकडे बघतंय, प्रकाश कुठून येतोय, कोण चौकटीच्या कडेला ढकललं गेलंय ते विचारा.
- पडद्यावर वाचायचं तर फोनपेक्षा टॅबलेट बरा. एकेक चौकट मोठी करून दाखवणारी सोय पहिल्या वाचनाला बंद ठेवा, कारण त्यात पूर्ण पानाची मांडणी आणि दोन पानांवर पसरलेली चित्रं तुटतात. वेबटून मात्र फोनसाठीच बनवलेले असतात, ते वरून खाली सरकवतच वाचायचे.

८. पुस्तक परत आलं की पुढचं ठरवा

‘आवडलं का?’ असं विचारलं तर भिडेखातर ‘हो’ येतं. त्याऐवजी ‘कुठल्या पानावर थांबलात?’ असं विचारा. पान उघडायला सांगा. पहिल्या वीस पानांत थांबला असेल तर अडचण चित्रांची किंवा वाचनाच्या दिशेची, तेव्हा तिसऱ्या आणि सातव्या पायरीकडे परत जा. मध्यावर थांबला असेल तर बहुधा लांबी किंवा गती, म्हणून पुढचं पुस्तक छोटं द्या. शेवटच्या भागात थांबला असेल तर एखादा प्रसंग जड गेलेला असतो. तो कुठला ते हळुवारपणे विचारा आणि वहीत सहाव्या रकान्यात टिपून ठेवा, पुढच्या वाचकासाठी उपयोगी पडेल.

पूर्ण वाचून आलेल्याला त्याच लेखकाचं दुसरं पुस्तक देण्याचा मोह होतो. आधी विचारा, गोष्ट लक्षात राहिली की चित्रं. गोष्ट म्हणाला तर त्याच विषयाचं वेगळ्या चित्रकाराचं पुस्तक द्या. चित्रं म्हणाला तर विषय बाजूला ठेवा आणि त्याच चित्रकाराचं काहीही द्या. ‘इयर वन’ची चित्रं आवडलेल्याला बॅटमॅनचा पुढचा अंक नको असतो, त्याला डेव्हिड मॅझुकेली यांचं ‘अस्टेरियस पॉलिप’ (२००९) हवं असतं: कथा एका वास्तुरचनेच्या प्राध्यापकाची, सुपरहिरो एकही नाही, आणि भांडणाच्या प्रसंगात नवरा-बायको दोन वेगळ्या रंगांत, दोन वेगळ्या रेषांत काढलेले.